वेटिंग ३४ आणि सोमवारची तारीख

प्रश्न: मुलीला बारावी सायन्सला ८१ टक्के आहेत. पुण्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला वेटिंग ३४ आलंय. सेलूच्या कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार. ती म्हणते, पुण्यासाठी थांबू. एक ओळखीचा माणूस पैसे दिले तर नंबर वर सरकवतो म्हणतो. काय करावं?
– एक पालक, परभणी जिल्हा

दादा, सोमवारी सेलूला प्रवेश घेऊन टाका. पुणं सुटलं असा त्याचा अर्थ नाही, हे लेकीला आधी समजावा.

नुसत्या ३४ वरून काही कळत नाही. हा नंबर खुल्या यादीतला की ओबीसीच्या? गेल्या वर्षी त्याच यादीत शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला झाला? कॉलेजच्या ऑफिसात फोन करून एवढं विचारा.

बी.एस्सी.ची यादी हलते ती इंजिनिअरिंगमुळे. वरच्या नंबरची बरीच मुलं हाताशी सीट असावी म्हणून बी.एस्सी. घेऊन ठेवतात आणि इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाची, म्हणजे कॅपची, फेरी लागली की निघून जातात. तेव्हा रोज यादी बघून जीव टांगू नका. कॅपच्या फेऱ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस सावध राहा. मेडिकलच्या, म्हणजे नीटच्या, फेऱ्या लांबतात, त्यांच्यावर भिस्त नको.

आता एक गोष्ट आजच बघा. फॉर्म नेट कॅफेवर भरला असेल, तर ईमेल आणि मोबाईल कुणाचा टाकलाय? कॅफेवाल्याचाच असतो हो बऱ्याचदा! नंबर लागल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि फी भरायला मिळतात एक-दोन दिवस. राखीव जागेसाठी नॉन-क्रिमिलेअरचं प्रमाणपत्र लागणार असेल तर तेही आत्ताच काढून ठेवा.

सेलूची फी बुडेल ही भीती आहे ना? सोमवार हीच जाहीर अंतिम तारीख असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे पुढच्या १५ दिवसांत प्रवेश रद्द केल्यास ८० टक्के फी परत, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. टीसी मात्र पुण्यालाही लागेल, ती परत कशी मिळेल हे प्रवेश घेतानाच विचारा.

त्या ओळखीच्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. नंबर लागायचा असला तर तसाही लागतो, आणि पैसे घेऊन तो म्हणणार, मीच लावला.

राहिलं पुण्यात राहण्याचं. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांना वसतिगृह मिळणं अवघड. मग खोलीचं डिपॉझिट, मेस, ट्रॅव्हल्सचं भाडं. पेरणीत हात रिकामा झालेला असतो आणि सोयाबीन विकून पैसे यायला दसरा-दिवाळी उजाडते. हा हिशोब लेकीला शेजारी बसवून याच आठवड्यात मांडा, नंबर लागल्यावर नको.