५४ मिलिमीटरच्या मावळ्याचा चेहरा
दिवाळीच्या किल्ल्यासाठी ५४ मिलिमीटर उंचीचा मावळा रंगवायला घेतलात, याचा आनंद वाटला. मात्र या मापात अख्खा चेहरा जेमतेम ७-८ मिलिमीटरचा भरतो, म्हणून सुरुवातीला मोजक्याच गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट रंगाच्या पातळपणाची. प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी देतात तो थर) पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक रंग पाण्याने दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावेत, कारण एकाच जाड हातात नाकपुड्या आणि पापण्यांच्या कडा बुजून जातात. ऑक्टोबरच्या उन्हात रंग ताटलीतच सुकतो. त्यासाठी झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवला की काम भागते.

दुसरी चूक बहुतेकांकडून होते, माझ्याकडूनही झाली: डोळ्यांत पांढराशुभ्र रंग भरून मधोमध काळा ठिपका दिला, आणि माझा पहिला मावळा भूत पाहिल्यासारखा दिसू लागला. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, हे आरशात पाहून घ्यावे. पांढऱ्यात किंचित तपकिरी मिसळावा, बुबुळ वरच्या पापणीला टेकवावे आणि पापणीची रेघ काळ्याऐवजी गडद तपकिरी रंगाने ओढावी. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्तींचे डोळे आखताना अवश्य पाहावे. हाताची स्थिरता तिथे कळते, पण मूर्तीचे ते टपोरे डोळे मावळ्याला देऊ नयेत.

सावलीसाठी त्वचेच्या रंगात काळा मिसळू नये, चेहरा मळकट होतो. बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी रंग पुरेसा आहे. ग्लेझिंग (अगदी पातळ, पारदर्शक थर चढवणे) वगैरे सध्या राहू द्या. ब्रशही अगदी तीन शून्यांचा (०००, म्हणजे फार बारीक) नको. नीट टोक असलेल्या १ नंबरच्या ब्रशात रंग जास्त वेळ ओला राहतो.