वाड्याचं लाकूड घ्या, मुलीची ठेव राहू द्या

ताई, तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत, निम्मं काम तिथेच झालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई 46 वर्षांच्या, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. मिस्टरांचे चार माग आहेत. दोघांचे मिळून महिन्याला 78,000 हातात येतात. जुळे सोलापुरात प्लॉट घेतलेला आहे. साधं घर 36 लाखांत बसतंय: 14 लाख स्वतःचे, 22 लाख कर्ज. मात्र अक्कलकोटचा वडिलोपार्जित वाडा आता उतरवायचाय. आर्किटेक्ट म्हणतात, त्याचंच सागवान आणि शहाबादी वापरू, चुन्याचा गिलावा करू, कमी कार्बनचं घर होईल, म्हणजे बांधताना कार्बन डायऑक्साइड कमी सुटेल असं. त्याचा अंदाज 42 लाख. वरचे 6 लाख मुलीच्या इंजिनिअरिंगच्या 8 लाखांच्या ठेवीतून काढावेत का, हा प्रश्न. प्रवेश दोन वर्षांवर आलाय.

ठेव मोडू नका. तेवढंच कर्ज वाढवून घेऊ म्हणाल, तर तेही नको. तुम्ही 58 व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे परतफेडीला 12 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी या 6 लाखांचे 9 लाख 59 हजार भरावे लागतील. 22 लाखांचा हप्ताच साधारण 24,400 बसतोय.

आर्किटेक्टनी वीजबिल वाचेल असंही सांगितलंय. मी हिशेब करून पाहिला. दीड टनी एसी तासाला सव्वा युनिट खातो असं धरू. उन्हाळ्याचे 90 दिवस, रोज सहा तास, म्हणजे 675 युनिट. दहा रुपये युनिट धरून 6,750 रुपये. एसी एकदाही लावला नाही तरी वर्षाला एवढेच वाचणार. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत 6 लाख वर्षाला 39,000 देतात.

पण म्हणून वाडा भंगारवाल्याला देऊ नका. तुम्ही पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. वाडा हाताने उतरवणं, वाहतूक आणि कापणी 1.3 लाख. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि ब्रोकन चायना, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी, 60,000. पूर्ण घराला चुन्याचा गिलावा 1.8 लाख. उरलेले 2.3 लाख कशाचे? जोधपूरहून येणारं ‘जुन्या लाकडाचं’ फर्निचर आणि बांबूचे पॅनेल. घरचं सागवान दारात असताना हजार किलोमीटरहून जास्त लांबून ट्रक आणायचा, त्यात कसला आलाय कमी कार्बन! हे सरळ काटा.

दुसरी गोष्ट आर्किटेक्टच्या नजरेतून सुटली असावी. 36 लाखांच्या अंदाजात नवीन चौकटी, दारं आणि फरशीचे 2.4 लाख आधीच धरलेत. वाड्यातला माल आला की ते वजा व्हायला हवेत. 42 लाखांत ते तसेच आहेत. चुना फक्त पश्चिमेच्या भिंतीला आणि झोपण्याच्या खोल्यांना लावा, 60,000 पुरतील. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर भट्टीच्या कोळशाचा वेगळा. चुनाही भट्टीतलाच, फक्त भिंतीवर गेल्यावर तो त्यातला थोडा वायू परत ओढून घेतो. विटा राखेच्या घ्या. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रामुळे राख आपल्या जिल्ह्यातच आहे. गच्चीचं काम मात्र पूर्ण करा. सोलापूरचं ऊन आधी स्लॅबवर उतरतं.

आता बेरीज: 36 वजा 2.4, अधिक 1.3, अधिक गच्ची आणि चुन्याचे 1.2. झाले 36.1 लाख.

तरी मला घोर आहे तो वेगळाच. 14 च्या 14 लाख घरात घालून तुमच्या हाताशी काहीच उरत नाही. सूतबाजार पडला आणि माग दोन महिने थांबले, तर हप्ता कशातून? पाहुण्यांची वरची खोली आत्ता बांधू नका, पुढे केव्हाही चढवता येईल. त्यातून सुटणारे तीनेक लाख बँकेत ठेवा. पतसंस्थेत नको, तिथे 5 लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं. करसवलतीच्या भरवशावरही राहू नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

लाकडाबद्दल माझाच अनुभव सांगतो. जुन्या बाजारातून हौसेने दोन दारं आणली. वरून झकास, आतून वाळवीने पोखरलेली, आणि लपलेल्या खिळ्याने सुताराचं पातं मोडलं ते वेगळंच. म्हणून सुताराला एक दिवसाची मजुरी देऊन आधी वाड्यावर न्या. कडीपाटातली प्रत्येक तुळई टोचून पाहू द्या. किती घनफूट धड निघेल हे कळल्याशिवाय 2.4 लाखांची वजावट कागदावरच राहील. सागवान हलवायला परवाना लागतो का, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी चुलत दिरांशी बोला. वाडा सामाईक आहे. कोणत्या तुळया, कोणती दारं, किती फरशी तुमच्या वाट्याला येणार याची यादी करून सगळ्यांच्या सह्या घ्या. पहिली कडी उतरायच्या आत.