माशीमार नेमका कधी आला?

प्रिय मित्रा,

तुझी वही वाचून झाली. ‘लाल छातीचा माशीमार यंदा आठवडाभर उशिरा आला’ हे वाक्य तू अधोरेखित केलं आहेस, आणि मी अडलो तो तिथेच. तुझ्या जवळजवळ सगळ्या नोंदी रविवारच्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, पुढचे दिवस तुझं कॉलेज. म्हणजे हा हिवाळी पाहुणा पक्षी सोमवारी पहाटे कान्हेरीच्या वाटेवर उतरला, तरी तुझ्या वहीत तो पुढच्या रविवारीच उतरणार. आठवड्याचा उशीर झाला तो इथे!

म्हणून रिकाम्या फेऱ्याही लिहीत जा. तारीख, वेळ, कोणती वाट, किती वेळ चाललास, आणि ‘माशीमार नाही’. शेवटचा ‘नाही’ आणि पहिला ‘आहे’ यांच्या मधे कधीतरी तो आला, एवढंच आपल्याला म्हणता येतं. हे अंतर कमी करायचं असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून एखादी सकाळ आठवड्याच्या मधे काढ. नवी वाट शोधू नकोस, तीच धर. भारतात २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणारा उपक्रम सुरू झाला तो अशाच साध्या नोंदींच्या भरवशावर.

आता मोजणीबद्दल. जेमतेम दहा ग्रॅमचा हा जीव पूर्व युरोप, रशियाकडून येतो. त्याचे युरोपातले भाऊबंद हिवाळ्यात आफ्रिका गाठतात, हा मात्र आपल्याकडे वळतो. ऑक्टोबरात रान अजून गच्च असतं, तेव्हा डोळ्यांच्या आधी कानाला सापडतो: कोरडी, खडखडती ‘ट्र्र्र्’. पुढे पानगळ झाली की तोच पक्षी उघड्या फांदीवर शेपटी उडवत बसलेला दिसतो. फेब्रुवारीत ‘संख्या वाढली’ असं तू लिहिलंस, पण बहुधा पानं कमी झाली एवढंच घडलं असावं. ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिही, मग तुझं तुलाच कळेल. आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही. त्याला त्रास होतो तो होतोच, वर नोंदही खोटी पडते. फोटोवाल्यांच्या नादी लागून हे सर्रास चालतं, त्याची मला चीड आहे.

‘सगळ्या माद्याच’ या शेऱ्याचं हसू आलं. पहिल्या हिवाळ्यातला नर हुबेहूब मादीसारखा असतो, गळ्यावर लाली नसते. ‘मादीसारखा’ असं लिहिलंस की पुरे. तैगा माशीमार, म्हणजे याच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, तीही ध्यानात ठेव. त्याच्या नराची लाली हिवाळ्यात जाते, आपल्या प्रौढ नराची टिकते. लाली नसेल तर चोच बघ: तैगाची पूर्ण काळी, याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. शेपटीच्या मुळावरची पिसंही तैगाची गडद काळी असतात.

परतीची तारीख पकडणं त्याहून कठीण. येताना एक दर्शन पुरतं. जाताना तो गेला हे कळायला तुला पुन्हा पुन्हा जाऊन रिकाम्या हाताने परतावं लागतं. मार्चअखेर उकाडा वाढला की मंडळी फिरणं थांबवतात, आणि नोंदी पक्ष्यांच्या आधी संपतात. तू एप्रिलभर जात राहा. शिवाय त्या संशयित ‘मादी’चा फोटो असेल तर पाठव, चोच नीट दिसेल असा.

तुझा,
काका