कानशीला कान नसतो

मिरज

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी हत्यारांची यादी मिळाली. जपानी करवत, पटाश्यांचा सेट, डिजिटल कॅलिपर, चार प्रकारचे क्लॅम्प, आणि शेवटी प्रश्न, ‘अजून काय काय घेऊ?’ यादी मी दुकानात मोठ्याने वाचली. आमचा पॉलिशवाला चपडा ढवळता ढवळता म्हणाला, “ही पोरगी तंबोरा बनवायला शिकायला येतेय की समोर दुकान टाकायला?” सगळे हसले. मी जरा कमी हसलो, कारण पहिला पगार हातात आला तेव्हा मीही त्याच संध्याकाळी सांगलीला जाऊन तीन कानशी घेऊन आलो होतो. वस्तादांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, “छान आहेत. कानशीला कान नसतो एवढं लक्षात ठेव.” तेव्हा मला वाटलं, म्हातारा शब्दांशी खेळतोय. खेळतच होता म्हणा, पण हे पत्र त्या वाक्यासाठीच लिहितोय.

आपल्या गल्लीची कथा तू ऐकली असशील. फरीदसाहेब मूळचे शिकलगार. तलवारींना, कट्यारींना धार लावणं, शस्त्रं दुरुस्त करणं हे घरचं काम. पटवर्धनांच्या संस्थानात गाणंबजावणं होतं, वाद्यं मोडायची, ती दुरुस्तीला द्यायला जवळ कोणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकात हे हात शस्त्रांवरून तारांकडे वळले आणि सतारमेकर गल्ली उभी राहिली. म्हणजे आमचं मूळ धारेत आहे. म्हणून तू आलीस की पहिला महिना मी तुला लाकडाला हात लावू देणार नाही. दगड, पाणी आणि पटाशी. रंध्याचं पातं काढायचं, लावायचं, परत काढायचं. कंटाळशील. तुझ्या आधी आलेले तिघे कंटाळले, त्यांतला एक आता मोबाईलचं दुकान चालवतो आणि माझ्यापेक्षा चांगलं कमावतो. तेही तुला माहीत असलेलं बरं.

पण धार का? इथे हात कापला जातो तो बहुतेक वेळा बोथट पटाशीने. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि लावलेला जोर कुठे निसटेल ते सांगता येत नाही. माझ्या डाव्या अंगठ्याजवळची खूण बघशील तेव्हा विचार. उत्तर देणार नाही, पण विचार.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण तुझ्या वयाच्या पोरांना फार ऐकवतात. माझं मत थोडं वेगळं आहे. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. पातं रंध्यात सैल बसलेलं असेल, तर देवाने रंधा मारला तरी तबकडीवर, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या लाकडी फळीवर, लाटा उठतील. म्हणून हत्याराला दोष द्यायची मी तुला परवानगी देतो. अट एकच, दोष देण्याआधी तू त्याला धार लावून, घट्ट बसवून, दोनदा मारून बघितलेलं पाहिजे. एवढं केल्यावर दोष द्यायची वेळ फारशी येत नाही हा भाग वेगळा.

आता भोपळा. शाळेत तू शिकलीस की विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणजे हाडवैर. आमच्याकडे हे वैर रोज मिटवावं लागतं. आपले भोपळे येतात पंढरपूर, मंगळवेढ्याकडून. कडू जात, खायला निरुपयोगी. शेतातच वाळतात, मग इथे येऊन अजून वाळतात. लाकूड मापाला कापता येतं, पण भोपळा वेलीवर जेवढा झाला तेवढाच. मर्दानी तंबोऱ्याला कोणता आणि जनानीला कोणता हे त्याच्याकडे बघून ठरवायचं, आणि दांडी, गळा, तबकडी सगळं त्याच्या मापाने घ्यायचं. तुमच्या इंजिनिअरिंगमध्ये आधी ड्रॉइंग असतं. इथे ड्रॉइंग मातीतून उगवून येतं.

भोपळा निवडायला मी तुला पहिल्यांदा नेईन तेव्हा तू सगळ्यात गोल, गुळगुळीत, देखणा भोपळा उचलशील. सगळे तेच करतात. मग मी त्याला टिचकी मारीन आणि तू माझ्या तोंडाकडे बघशील. तोंडाकडे बघू नकोस, ऐक. कुठे भिंत पातळ आहे, कुठे आत चीर गेली आहे, हे बाहेरून दिसत नाही. भ्रमाचा भोपळा ही म्हण ज्याने काढली तो नक्की कधीतरी असला देखणा भोपळा घरी घेऊन आला असणार. मी आणलाय. भिजत घातला, तोंड कापलं, आत काड्या लावून ताणला, आणि रात्री पाऊणच्या सुमाराला तो फुटल्याचा आवाज मी अंथरुणात ऐकला.

इतकं सगळं झालं की लोकांना वाटतं तंबोरा झाला. नक्षी झाली, पॉलिश झालं, खुंट्या बसल्या. पण घोडी, म्हणजे तबकडीवरची ती पट्टी जिच्यावरून तारा जातात, ती घासल्याशिवाय तो तंबोरा नुसता फर्निचर असतो. आमच्या धंद्यातलं घोडं अडतं ते इथे, घोडीवर.

तू विज्ञान शिकलेली आहेस म्हणून सांगतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंबोऱ्यावर आणि वीणेवर लिहिलं होतं. मूळ स्वराबरोबर तारेतून वरचे बारीक स्वरही उमटतात, त्यांना स्वरांश म्हणतात. तार जिथे छेडतो तिथे ज्यांचा स्थिर बिंदू पडतो असे स्वरांश नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ते ऐकू येतात. कारण आपली घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारेची नसते. ती रुंद असते, वरचा पृष्ठभाग किंचित उतरता, आणि तार कंप पावताना त्याला टेकत, सुटत राहते. त्यातून ती झणझण फुलते, तिला आपण जवारी म्हणतो. तो उतार डोळ्याला दिसत नाही. बोटाला जेमतेम कळतो. आणि मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवायचा, त्याला जीव म्हणतात. केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तंबोरा एकदम बोलायला लागतो. सुतावरून स्वर्ग गाठणं हा बाहेर टोमणा आहे. इथे ते आमचं रोजचं काम आहे, आणि त्याची मजुरी फार मिळत नाही.

जवारी काढणं म्हणजे तार बाजूला सारायची, कानशीचे दोन हलके हात द्यायचे, तार परत जागेवर, परत सुरात, परत ऐकायचं. चारही तारा एकसारख्या बोलेपर्यंत. एका बैठकीत तासही जातो, तीनही जातात. पंचम, जोड, खरज ही तारांचीच नावं. पंचम खुला झाला तर खरज रुसतो. खरजाची समजूत काढली की जोड रुसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे काम लवकर जमतं असं माझं निरीक्षण आहे.

मी तेवीस वर्षांचा होतो. एका गवयाचा तंबोरा आला, दुसऱ्या दिवशी मैफल. वस्ताद जेवायला गेले होते. मी म्हटलं, आपणच करून दाखवू. पहिल्या चार हातांत पंचम असा उघडला की अंगावर काटा आला. तिथे थांबलो असतो तर आज या पत्रात सांगायला काही नसतं. वाटलं, अजून थोडा. दोन हात दिले. झण्ण... पत्र्याच्या डब्यात खडा हलवावा तसा आवाज. अजून दोन हात देऊन दुरुस्त करायला गेलो, आणि घोडीला मधोमध खळगा पडला. कानस फक्त काढते. काढलेलं परत द्यायला तिच्याकडे काही नसतं.

वस्ताद आले. गवई तोवर दारात होते. वस्तादांनी एकदा छेडलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांना म्हणाले, “घोडी जुनी झाली होती, नवी बसवून देतो, पहाटे या.” रात्रभर दोघं बसलो. नवी घोडी, नवी जवारी. पहाटे गवई तंबोरा घेऊन गेल्यावर एवढंच म्हणाले, “तुझे चार हात, माझी एक रात्र. हिशेब जुळतो का बघ.” वाईट एवढंच वाटलं की मी मनातल्या मनात त्या घोडीच्या हाडाला शिव्या देत होतो. हाड वाईट निघालं, शिंग असतं तर असं झालं नसतं, वगैरे. बघ, अंगण वाकडं.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे तुला कोणी ना कोणी ऐकवेलच. नीट ऐकलंस तर कळेल की ही म्हण म्हणणाऱ्याच्या हातात नेहमी टाकी असते. घाव कोणी घातले म्हणून माझा हात वळला नाही. त्या रात्री कोणी माझ्यावर ओरडलं नाही म्हणून वळला. तुझ्यावर कोणी इथे ओरडलं तर मला सांग. मी ओरडलो तर पॉलिशवाल्याला सांग, तो मला ऐकवतो.

कॅलिपरची चेष्टा केली, ती मागे घेतो. तो आण. आमची एक मोठी चूक झाली आहे. चांगल्या जवारीचा उतार कोणीच मोजून लिहून ठेवला नाही. वस्ताद गेले, त्यांच्या हाताचा उतार त्यांच्याबरोबर गेला. तू घासण्याआधी माप घे, घासल्यावर घे, वही ठेव. पण माप वाचून घासू नकोस. आधी ऐक, घास, मग मोज. उलटं केलंस तर वही छान होईल आणि तंबोरा मुका.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तू अभिनंदनाचा मेसेज पाठवला होतास. आनंद आहेच. आता तरी बाहेर कुठे केलेल्या मालावर मिरजेचं नाव चिकटवणाऱ्याला चाप बसेल. बाकी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता खिशातल्या फोनमध्येही आलाय, आणि रियाजाला तो मीही वाईट म्हणत नाही. खुंट्या फिरत नाहीत, पावसाळ्यात उतरत नाही. फक्त त्याच्याशी भांडता येत नाही.

इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्या दिवसांत आलीस तर उत्तम. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, तरी इथे अजून कोणी तंबोरा लावायला बसलं की जुने लोक त्यांच्या कानाची गोष्ट काढतात. दोन-तीन रात्री मागे बसून नुसते तंबोरे ऐक. गाणं सुरू व्हायच्या आधीचा वेळ. कोण किती वेळ लावतं, कोण जीव सरकवताना मान कुठे कलती करतं, ते बघ. त्याचे पैसे पडत नाहीत आणि ते तुझ्या यादीत नव्हतं.

तर यादीबद्दल. क्लॅम्प नको, इथे गंजत पडलेत. पटाश्या दोन पुरेत, इथल्याच लोहाराकडून घेऊ. कानस मी देईन, वस्तादांची, झिजलेली आहे, तुझ्यासारख्या नव्या हाताला झिजलेलीच बरी. ती जपानी करवत मात्र आण. ढकलताना नाही, ओढताना कापते म्हणतात. पन्नास वर्षं ढकलण्यात गेली, एकदा हातात धरून बघायची आहे.

तुझा,
काका

ता. क. : सकाळच्या गाडीने ये. दुपारी आलीस तर मी झोपलेला असेन आणि पॉलिशवाला तुला लगेच चपडा ढवळायला बसवेल.