सांता मारिया देल मार : बार्सिलोनाच्या ला रिबेरा वस्तीतील गॉथिक चर्च कसे पाहावे

सग्रादा फामिलिया पाहून झाल्यावर जुन्या बार्सिलोनातले आणखी एक चर्च पाहण्यात अर्थ आहे का, असल्यास कॅथेड्रल निवडावे की सांता मारिया देल मार, आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या आईंना सोबत घेऊन हे अर्ध्या दिवसात कसे बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. सांता मारिया देल मार निवडावे, त्यासाठी दुपारनंतरची वेळ राखून ठेवावी, आणि ज्या ला रिबेरा वस्तीने ते उभारले त्या वस्तीसकट ते पाहावे. नुसते आत जाऊन चार छायाचित्रे काढून बाहेर पडायचे असेल, तर मात्र तो वेळ आणि तिकिटाचे पैसे अन्यत्र खर्च केलेले बरे.

कॅथेड्रल कमी प्रतीचे आहे असे मला सुचवायचे नाही. त्याचे बांधकाम 1298 मध्ये सुरू झाले. आतले मधले अंगण आणि तिथे पाळलेली तेरा हंसिणींची परंपरा, दोन्ही पाहण्यासारखे आहे. पण आज आपण ज्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढतो तो त्याचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतला गेला आणि मधला मनोरा तर विसाव्या शतकात पुरा झाला. शेजारच्या बिस्बे गल्लीवरचा तो प्रसिद्ध नक्षीदार पूल 1928 चा आहे. ‘गॉथिक क्वार्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात जुने आणि नव्याने जुन्या धाटणीत बांधलेले असे दोन्ही मिसळलेले आहे, हे ठाऊक असले म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतात. सांता मारिया देल मारच्या बाबतीत हा घोळ जवळजवळ नाही. 25 मार्च 1329 रोजी त्याची पायाभरणी झाली, 1383 मध्ये छताचे काम संपले आणि पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1384 रोजी, त्याचा अभिषेक झाला. युरोपातल्या मोठ्या गॉथिक चर्चांची कामे शतकानुशतके रेंगाळली आणि प्रत्येक पिढीने त्यात आपापली आवड घुसवली; इथे मात्र 54 वर्षांत बहुतेक सगळे उरकले, त्यामुळे इमारत एका विचाराची राहिली. आत पाऊल टाकताच जी एकसंधता जाणवते तिचे कारण हेच.

हे इतक्या लवकर का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. चौदाव्या शतकात ला रिबेरा ही बार्सिलोनाची दर्यावर्दी वस्ती होती. समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. याच जागेवरच्या आधीच्या चर्चला वाळूतली सांता मारिया म्हणत. जहाजमालक, व्यापारी, कारागीर, कोळी आणि बंदरावरचे हमाल इथे राहत. 1323-24 मध्ये आरागॉनच्या राजपुत्राने, म्हणजे पुढे राजा झालेल्या आल्फोन्सोने, सार्डिनिया बेट जिंकले, भूमध्य समुद्रातला व्यापार वाढला आणि वस्तीच्या हातात पैसा आला. बेर्नाट ल्युल या आर्चडीकनने, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने, पुढाकार घेतला, बेरेंगेर दे मोंतागुत आणि रामोन देस्पुइग यांच्याकडे रचना सोपवली गेली, आणि खर्च वस्तीतल्या लोकांनी उचलला. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी अंगमेहनत दिली. बंदरावरच्या या हमालांना तिथे ‘बास्ताइशोस’ म्हणतात. शहराच्या दक्षिणेला असलेल्या मॉन्जुइक टेकडीच्या खाणीतला दगड त्यांनी पाठीवर वाहून बांधकामापर्यंत आणला. एकेक दगड वाहायचा, ओझे उतरवून पुन्हा टेकडीची वाट धरायची आणि हे सगळे पोटापाण्याचे काम सांभाळून करायचे, याची कल्पना करण्यासाठी आईंना त्या टेकडीपर्यंत चालवण्याची मुळीच गरज नाही. पण मॉन्जुइकला तुम्ही वेगळे जाणारच असाल, तर तिथून जुन्या शहराकडे पाहताना हे अंतर एकदा नजरेने मोजावे.

आता अपेक्षेविषयी एक गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांची गॉथिकशी पहिली ओळख मुंबईत होते. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती आहेत. त्यांत नक्षी, टोकदार मनोरे, प्राणी, पाने, घुमट अशी रेलचेल असते. तीच नजर घेऊन सांता मारिया देल मारसमोर उभे राहिलात, तर ‘एवढेच?’ असे वाटण्याचा धोका आहे. बाहेरून ती एक भक्कम, सपाट, जवळजवळ किल्ल्यासारखी भिंत आहे. कातालोनियातल्या गॉथिक पद्धतीचा हा स्वभावच आहे. फ्रान्समध्ये छताचा भार तोलणाऱ्या कमानी आणि आधारभिंती इमारतीच्या बाहेर पसरलेल्या दिसतात. इथे त्या आधारभिंती आत घेतल्या आहेत आणि दोन आधारभिंतींच्या मधल्या जागेत छोटी प्रार्थनादालने बसवली आहेत. म्हणून बाहेरची भिंत सपाट राहते, छप्पर उताराऐवजी गच्चीसारखे होते आणि सगळी करामत आत शिल्लक राहते.

आतली करामत कुठे आहे ते आधी माहीत असेल तर ती चटकन दिसते. मधले दालन आणि दोन्ही बाजूंची दालने यांच्या उंचीत फारसा फरक ठेवलेला नाही, त्यामुळे तीन वेगळ्या पट्ट्यांऐवजी एकच प्रशस्त सभागृह असल्यासारखे वाटते. मधल्या दालनाचे छत सुमारे 32 मीटर उंच आहे. ते तोलणारे अष्टकोनी खांब मात्र आश्चर्य वाटावे इतके सडपातळ आहेत, आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे 13 मीटर आहे. मध्ययुगीन चर्चमध्ये इतके विरळ खांब क्वचितच आढळतात. मधल्या रांगेत कुठेतरी बसून एका खांबावरून नजर वर न्यावी. बऱ्याच उंचीपर्यंत त्यावर काहीही कोरलेले नाही, मग एक साधी पट्टी येते आणि तिथून छताच्या दगडी फासळ्या चहूबाजूंना फाकतात. वेदीजवळ हेच खांब अर्धवर्तुळात एकमेकांच्या अगदी निकट येतात, आणि इतका वेळ आडवी पसरलेली ती जागा तिथे एकाएकी उभी होते. या इमारतीतले सगळ्यात सुंदर ठिकाण हेच, असे मला वाटते, आणि घाईत असलेले लोक नेमके त्याच्या अलीकडूनच परत फिरतात.

छताच्या फासळ्या जिथे एकत्र येतात तिथले कळीचे दगड रंगवलेले आहेत. खालून ते लहान दिसतात, म्हणून छोटी दुर्बीण जवळ असल्यास अवश्य न्यावी. वेदीच्या वर मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, राज्याभिषेकाचे दृश्य आहे आणि पुढच्या एका दगडावर घोड्यावर बसलेला राजा आल्फोन्सो आहे. दर्शनी भागावरची गुलाबाकृती खिडकी मूळची नाही. 2 फेब्रुवारी 1428 रोजी, सणाच्या दिवशी चर्च भरलेले असताना झालेल्या भूकंपात आधीची खिडकी कोसळली आणि त्यात काही भाविकांचा जीव गेला. सध्याची खिडकी त्याच शतकाच्या मध्याची आहे आणि तिच्या ज्वालांसारख्या वळणांमुळे ती खालच्या साध्या भिंतीपेक्षा निराळी उठून दिसते. ती नैर्ऋत्येकडे तोंड करून असल्याने दुपार कलल्यावर तिच्यातून उजेड आत येतो. दुपारनंतरची वेळ सुचवण्याचे हे मुख्य कारण. सकाळी आत बराच अंधार असतो.

इतक्या मोठ्या चर्चमध्ये सोन्याचा मुलामा, भव्य वेदी, चित्रे असे काहीच कसे नाही, असा प्रश्न तुमच्या बाबांना पडेल. ते सगळे होते. जुलै 1936 मध्ये, स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, चर्चला आग लावण्यात आली आणि ती अकरा दिवस धुमसत राहिली. बरोक शैलीतली वेदी, गायकांची लाकडी आसने, शतकांचे दप्तर, सगळे जळाले. दगडी सांगाडा वाचला. पुढच्या दुरुस्तीत ती जुनी सजावट पुन्हा घडवण्याचा प्रयत्न झाला नाही, आणि म्हणूनच चौदाव्या शतकातल्या गवंड्यांनी आखलेले प्रमाण आज आपल्याला विनाअडथळा दिसते. या आगीमुळे चर्च ‘अधिक सुंदर झाले’ असे काही मार्गदर्शक सांगतात. ते मला पटत नाही. जे गेले ते त्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले होते आणि दप्तराबरोबर कित्येक सामान्य माणसांची नोंदही गेली. उरले ते अप्रतिम आहे, एवढेच म्हणणे योग्य ठरेल. आज वेदीवर मारियेची एक साधी मूर्ती आहे आणि तिच्या पायाशी जुन्या काळच्या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. तिच्याकडे लक्ष द्यावे, कारण हे चर्च खलाशांचे आहे याची ती सर्वांत सरळ खूण आहे. वरच्या एका रंगीत काचेत बार्सिलोना फुटबॉल क्लबचे बोधचिन्हही आहे. 1960 च्या दशकात काचांच्या कामाला क्लबने देणगी दिली होती. मुले सोबत असतील तर ती ते शोधण्यात रमतील.

आता मार्ग. मेट्रोच्या पिवळ्या, म्हणजे चौथ्या मार्गिकेवरच्या जाउमे प्रिमेर स्थानकावर उतरावे आणि आर्जेंतेरिया गल्लीने उतरत यावे. ही सोनारआळी. चर्चच्या आसपास टोपीवाले, आरसेवाले, काचवाले, तलवारी करणारे, घोंगड्या विणणारे अशा सगळ्यांच्या नावाच्या गल्ल्या अजून आहेत, आणि पुण्यातल्या तांबट आळीतून किंवा बोहरी आळीतून चालणाऱ्याला ही रचना कुणी समजावून सांगावी लागत नाही. गल्लीच्या टोकाशी चर्चचा दर्शनी भाग तिरका दिसतो आणि छोट्या चौकात आल्यावरच पूर्ण समोर येतो. चौकात 1402 चे दगडी पाणपोईवजा कारंजे आहे. मुख्य दरवाजाच्या दोन्ही फळ्यांवर हमालांच्या छोट्या धातूच्या आकृत्या ठोकलेल्या आहेत, ओझ्याखाली कंबरेत वाकलेल्या. दरवाजा उघडा असला की त्या नजरेतून निसटतात, म्हणून आत शिरण्याआधी मुद्दाम शोधाव्यात. एवढ्या मोठ्या चर्चच्या प्रवेशाशी राजा किंवा बिशप यांच्याऐवजी हमालाला स्थान मिळालेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

बाहेर पडल्यावर चर्चच्या दक्षिणेकडच्या अंगाला वळावे. तिथल्या दरवाजाच्या दोन बाजूंना पायाभरणीचे दोन शिलालेख आहेत, एक लॅटिनमध्ये आणि एक कातालान भाषेत. सामान्य लोकांना वाचता यावे अशा भाषेत चौदाव्या शतकात कोरलेला हा लेख आहे. त्याच्या समोरच फोस्सार दे लेस मोरेरेस ही लाल विटांची, किंचित खोलगट मोकळी जागा आहे. 1713-14 च्या वेढ्यात शहर वाचवताना पडलेल्यांना इथल्या दफनभूमीत पुरले होते. 11 सप्टेंबर 1714 रोजी बार्सिलोना पडले. तो दिवस आज कातालोनियाचा राष्ट्रीय दिन आहे आणि त्या दिवशी इथे मोठी गर्दी लोटते. वर जळणारी ज्योत 2001 पासूनची आहे. अनेक पर्यटक त्या उतारावर बसून खातपित असतात. तुम्ही तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण स्थानिकांच्या दृष्टीने ती हुतात्म्यांची जागा आहे.

चर्चच्या मागे पासेज देल बोर्न हा लांबट चौक लागतो आणि त्याच्या टोकाला 1876 चा लोखंडी बाजार. या बाजाराच्या फरशीखाली ला रिबेराचा एक अख्खा तुकडा सापडला. 1714 मध्ये शहर जिंकल्यावर स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने शहरावर जरब बसवण्यासाठी गढी बांधायला घेतली आणि त्यासाठी या वस्तीतली हजाराहून अधिक घरे पाडायला लावली. त्या घरांचे पाये, गल्ल्या आणि गटारे आता छताखाली जतन केली असून वरच्या सज्जांवरून पाहता येतात. चर्च ज्यांनी बांधले आणि वापरले त्यांची घरे केवढी होती, हे इथे कळते. वेळ कमी पडला तर याच वस्तीतले पिकासो संग्रहालय सोडावे, पण हे अवशेष सोडू नयेत.

आईंच्या दृष्टीने पाहता हा सगळा फेरा सपाट आहे. जाउमे प्रिमेरपासून बोर्न बाजारापर्यंत सावकाश चालूनही थकवा येणार नाही, आणि चर्चमध्ये बसायला भरपूर जागा आहे. गच्चीवर जाणारी वेगळी तिकिटाची फेरी असते. वरून आधारभिंतींची माथी आणि जुन्या शहराची छपरे छान दिसतात, पण जिना मनोऱ्यातला अरुंद आणि गोल आहे. आईंना त्यावर नेऊ नये. तुम्ही आणि बाबा वर जाल तेवढा वेळ त्यांनी आत बसावे. पर्यटकांसाठी तिकिटाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ वेगवेगळी असते आणि ती बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. चपला काढाव्या लागत नाहीत. पुरुषांनी टोपी काढावी आणि खांदे झाकलेले असावेत. या गल्ल्यांत पाकीटमारी होते, तेव्हा पासपोर्ट हॉटेलवर ठेवून त्याची प्रत जवळ बाळगावी आणि छताकडे पाहताना पिशवी पुढे घ्यावी. संध्याकाळी तिथे संगीताचा कार्यक्रम असल्याचे दिसले, तर तिकीट घेण्यास अजिबात कचरू नये. त्या दगडी पोकळीत एकेक सूर कित्येक सेकंद घुमत राहतो, त्यामुळे वाद्यवृंदापेक्षा मोजक्या गायकांचा समूहस्वर निवडावा आणि शक्यतो पुढच्या रांगांतली जागा मागावी.