भिंतीवरची काळी बुरशी आणि मुलांचा खोकला

भिंतीवर आलेली काळी बुरशी म्हणजे २०२१ सालची तीच ‘काळी बुरशी’ का, आणि तिच्यामुळे मुलाला खोकला होऊ शकतो का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. तेव्हाची ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस हा वेगळा आजार असून तो त्या साली मुख्यतः करोनात स्टिरॉइड घेतलेल्या आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्या रुग्णांना झाला. दुसऱ्याचे उत्तर मात्र आमच्या घराने चार वर्षे सोसले आहे.

ठाण्यातील आमच्या घरी मुलीचा पलंग ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे बाथरूम आहे. दर पावसाळ्यात तिला मध्यरात्री खोकल्याची उबळ येई, छातीतून शिट्टीसारखा आवाज येई, आणि गणपतीला आठ दिवस आजोळी साताऱ्यास गेले की तोच खोकला थांबे. मोठे दीर म्हणत, “पोर नाजूक आहे, ओल काय सगळ्यांच्याच घरात असते,” आणि दिवाळीपूर्वी त्या भिंतीवर रंगाचा हात मारून घेत. चौथ्या वर्षी मी लोखंडी कपाट ओढून बाजूला केले, तर मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके होते. नखाने खरवडताच गेल्या वर्षीच्या रंगाचा पोपडा हातात आला आणि त्याची आतली बाजूही काळी होती.

छातीच्या डॉक्टरांनी दम्याचे निदान केले आणि आधी घरातील ओलीबद्दलच विचारले. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, त्यामुळे तिच्यावर रंग देणे हा उपायच नव्हे. पाणी जिथून झिरपते तिथेच थांबवावे लागते. आम्ही गळका पाइप बदलला, गिलावा विटेपर्यंत काढला, भिंत महिनाभर सुकू दिली आणि मगच नवा गिलावा केला. पुढच्या पावसाळ्यात इन्हेलर एकदाच लागला.

अर्थात प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयाचीही तपासणी करून घ्यावी, आणि भिंत कोरडी झाली म्हणून दम्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. गिलावा खरवडताना मूल घरात नसावे. घरातील वडीलधारे रंगावर भागवू पाहत असतील, तर त्यांचे मुळीच ऐकू नका. वयानुसार दमा सुटला, असे आमचे दीर अजूनही सांगतात. पलंग त्याच भिंतीला लागून असताना तो नेमका पाइप बदलला त्याच वर्षी कसा सुटला, हे त्यांनी मला अद्याप सांगितलेले नाही.