तर्री जमते, मग सुनदुबू का बिघडतं?

प्रश्न: ताई, कोरियन मालिका बघून बघून लेकीने हट्टच धरला, म्हणून घरी सुनदुबू जिगे, म्हणजे मऊ टोफूचा तिखट रस्सा, केलं. डेअरीतून टोफू आणला, चौकोनी तुकडे केले, कडकडीत फोडणीत दोन मोठे चमचे लाल तिखट घातलं आणि वर पाणी. रस्सा कडवट लागला, टोफू पनीरसारखा चिवट. आम्ही अंडं खातो, मासे नाही. कुठे चुकलं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: पहिल्या खेपेला मीही मोहरी तडतडेल इतकं तेल तापवलं होतं. तिखट पडताक्षणी काळं! असा ठसका उठला की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, काय जळतंय म्हणून. आपला हात फोडणीला सोकावलेला असतो, आणि इथे तोच नडतो.

त्यांचं तिखट, म्हणजे गोचुगारू, बिया काढून वाळवलेल्या मिरचीचं जाडसर भरड असतं. रंगाला गडद, तोंडाला बेताचं. डब्यातलं बारीक तिखट घालू नका. चार-पाच ब्याडगी मिरच्या घ्या, बिया झटका, उन्हात तासभर ठेवा आणि खलबत्त्यात भरड कुटा. दोघींपुरतं दीड मोठा चमचा पुरे. तेल दोन चमचे, गॅस अगदी बारीक. आधी कांदा-लसूण मऊ करा, मग तिखट घालून अर्धा मिनिट हलवा. तेल शेंदरी झालं की लगेच पाणी. मिसळीच्या तर्रीचं तंत्रच हे, फक्त घाई नको.

आता ते पाणी. तिकडे वाळवलेल्या छोट्या माशांचा आणि दासिमा नावाच्या समुद्री शेवाळाचा अर्क घेतात. मासे खाणाऱ्यांनी सुकी मांदेली डोकी काढून दहा मिनिटं उकळावी, तीही त्याच कुळातली. तुमच्यासाठी वाळवलेले शिताके मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्या पाण्यात मुळ्याच्या दोन चकत्या उकळा. त्यात निम्मं तांदळाचं धुवण मिसळा. पहिलं फेकायचं, दुसरं ठेवायचं. कोरियन बायकाही जिगेला हे वापरतात. रश्शाला अंग येतं. तांदूळ इंद्रायणीच घ्या, मावळचा. चिकट भात हवाच आहे बरोबर, आणि धुवण आयतं मिळतं. मीठ, थोडा सोया सॉस, असेल तर आंबलेली किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं.

टोफूचं मात्र ऐकाच. डेअरीतला टोफू दाबून पाणी काढलेला असतो, तो कितीही शिजवा, मऊ होत नाही. सुनदुबू म्हणजे न दाबलेला टोफू. कोरियात गांगनुंग शहरातल्या चोदांगला तर तो समुद्राच्या पाण्याने विरजतात. आपल्याकडे परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानात 'सिल्कन' टोफूचं कागदी खोकं मिळतं, बरेचदा फ्रीजबाहेरच्या फळीवर. हाताला लागतो तो खरवसासारखा, थरथरता. सुरी लावायची नाही. रस्सा उकळला की मोठ्या चमच्याने ढेकळंच्या ढेकळं सोडायची आणि डाव बाजूला ठेवायचा. ढवळलंत तर पिठलं होईल. तीन-चार मिनिटं पुरे.

त्यांचं जाड मातीचं भांडं, तुकबेगी, टेबलावर आणल्यावरही खदखदत राहतं. आपल्या कुंभारवाड्यातली हंडी चालते, पण थंड हंडी एकदम मोठ्या आचेवर ठेवली की तडकते. माझी एक अशीच गेली. जाड बुडाचं पातेलं बरं.

गॅस बंद करायच्या आधी अंडं फोडून मधोमध सोडा, वर कांद्याची पात. तीळ भाजून, कुटून घाला, कारण त्यांचं तेल भाजक्या तिळाचं असतं, आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही. झाकण एक मिनिट. पिवळा बलक फोडायचा मान लेकीला द्या.